लिंबाखालचा बोल्ट

एका जंगलात, जिथे रस्ता धड एकही नव्हता पण वराती मात्र सारख्या निघत असत, तिथे झिपरू नावाचं एक अस्वल राहत होतं. मुलांनो, रस्ता नसताना वरात कशी निघते, असं विचारू नका. तुम्ही राहता तिथेही तसंच चालतं आणि तुम्ही कधी कुणाला विचारलेलं नाही.

झिपरूकडे एक जीप होती. जीपच्या मागच्या भागात मोठमोठे स्पीकर एकावर एक रचलेले होते आणि पुढच्या सीटखाली एक अ‍ॅम्प्लिफायर होता. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे बारीक आवाजाचा मोठा आवाज करणारी पेटी. तिच्यात जे घालाल ते मोठं होऊन बाहेर येतं. चांगलं घातलं तर चांगलं मोठं होतं, वाईट घातलं तर वाईट मोठं होतं. काय घालायचं याचा विचार झिपरूनं कधी केला नाही. मोठं होतंय ना, एवढ्यावर तो खूश होता.

जंगलही खूश होतं. झिपरूची जीप नसेल तर लग्न झालं असं कुणी धरतच नसे. जीप गेली की घरट्यांतली अंडी हलायची, वारुळं खचायची आणि ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या कासवाच्या छातीत धडधडायचं. तरी कासव म्हणायचं, "झकास झालं लग्न." त्याची तक्रार नव्हती असं नाही. पण तक्रार केली तरी ती ऐकू कुणाला जाणार होती?

एकदा सशाच्या मुलाची वरात निघाली. जीप वडाच्या वळणावर आली आणि स्पीकर कुंई कुंई करायला लागले. झिपरूनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कुंई चढायची, सोडला की उतरायची. मग सीटखाली टक् असं काहीतरी वाजलं, पेटीवर लाल दिवा लागला आणि सगळं एकदम शांत झालं.

त्या शांततेत नवऱ्यामुलाची आत्या शेजारणीशी बोलत होती. वरातीतल्या सवयीप्रमाणे ती ओरडूनच बोलत होती. "मुलगी तशी बरी आहे गं, पण कान किती आखूड! आणि बाप तर एक नंबरचा चिकट."

बाप तिच्या मागेच उभा होता. लग्न मोडता मोडता वाचलं. अ‍ॅम्प्लिफायर लग्नात कशासाठी लागतो, हे जंगलाला त्या दिवशी समजलं. गाणी वाजवणं हे निमित्त. खरा उपयोग हा, की दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये.

झिपरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला गाता येत नव्हतं, नाचता येत नव्हतं, चार शब्द नीट बोलताही येत नव्हते. त्या जीपमुळेच तर सगळे त्याला "या झिपरूभाऊ" म्हणायचे. तो तडक पिंगळ्याकडे गेला.

पिंगळा म्हणजे छोटं घुबड. शकुन-अपशकुन सांगणं हा त्याचा धंदा. रात्री जागायची सवय असल्यामुळे दिवसा त्याला डुलक्या यायच्या आणि त्या डुलक्यांना सगळे समाधी म्हणायचे.

"दृष्ट लागली," पिंगळा डोळे न उघडता म्हणाला.

"कुणाची, महाराज?"

"ज्यांच्याकडे जीप नाही त्यांची."

असे प्राणी जंगलात पुष्कळ होते, त्यामुळे झिपरूला लगेच पटलं.

"लिंबू-मिरची बांध," पिंगळा म्हणाला. "पुढे बंपरला नको. दुखणं पेटीचं आहे, तर पेटीपाशीच बांध. आणि नीट ऐक. बांधलेलं लिंबू कुणी सोडायचं नाही. गळायचं तेव्हा ते आपणहून गळेल. मध्येच कुणी हात लावला, तर सगळी दृष्ट त्याच्या घरावर."

झिपरूनं सीट उचलून पाहिलं. पेटीच्या बाजूला जीपच्या पत्र्यातून एक बोल्ट वर आला होता. त्याला पेटीची काळी वायर अडकवलेली होती. दोरा बांधायला ती जागा फारच सोयीची होती. बोल्ट जरा हलत होता, म्हणून झिपरूनं तो आधी पंजानं गच्च पिळला आणि मग त्याला लिंबू-मिरची बांधली.

जीप सुरू केली. कुंई गेली होती. झिपरूनं लिंबाला हात जोडले. बोल्टला कुणीच हात जोडले नाहीत.

आता मुलांनो, थोडं विज्ञान. घाबरू नका, अगदी थोडं आहे. बॅटरीतली वीज एका वायरनं पेटीत येते, काम करते आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते. तिला पत्र्यात उतरवायला एक बोल्ट असतो. मिस्त्री लोक त्याला अर्थिंग म्हणतात. हा बोल्ट घट्ट हवा आणि स्वच्छ हवा. तो सैल झाला किंवा गंजला की विजेची परतीची वाट अडते. मग पेटी आधी कुरकुरते आणि शेवटी स्वतःला बंद करून घेते. लिंबाच्या रसानं लोखंड गंजतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहेच. म्हणजे पुढे काय होणार ते तुमच्या लक्षात आलं. झिपरूच्या आलं नाही, कारण तो मोठा झाला होता.

लिंबू नासलं. रस बोल्टवर ठिबकला. हरणांच्या लग्नात पुन्हा कुंई सुरू झाली.

"लिंबू काळं पडलं होतं का?" पिंगळ्यानं विचारलं.

"पडलं होतं."

"म्हणजे त्यानं काम चोख केलं. बांधलं नसतंस तर पेटी जळून गेली असती. आता दोन बांध."

झिपरूनं दोन बांधली. मग रानडुकराच्या लग्नात तीच गत झाली, तेव्हा आणखी बांधली. जुनी सोडायची नव्हती, त्यामुळे नवी लिंबं जुन्यांवर चढत गेली. बोल्ट दिसेनासा झाला. कुंई मात्र वाढत गेली.

शेवटी झिपरूनं वानर मिस्त्रीला बोलावलं. वानर मिस्त्री हुशार होता. हे मी टोमणा मारायला म्हणत नाही, तो खरोखरच हुशार होता. त्यानं आधी फ्यूज काढून पाहिला. फ्यूज शाबूत होता. मग मीटर लावून बॅटरी पाहिली. बॅटरी दणकट होती. स्पीकर एकेक करून सोडवून पाहिले. ते ठणठणीत होते. गाण्याची वायर पेटीतून उपटून काढली, तरी कुंई तशीच. वानर खूश झाला, शेपटी झटकून खाली बसला आणि म्हणाला, "सापडला बिघाड. अर्थिंग गेलंय, झिपरूभाऊ."

"मग कर की नीट."

"कसं करू? अर्थिंग लिंबांखाली आहे."

झिपरूनं वाकून लिंबांकडे पाहिलं.

"लिंबं काढली तर?" झिपरू हळूच म्हणाला.

"काढा तुम्ही."

"मी कसा काढू? मला बायको आहे."

"मलाही आहे. वर सासूही आमच्याकडेच असते."

"मग आता काय करायचं?"

वानरानं डोकं खाजवलं. "स्पीकर बदलू."

"पण स्पीकर तर ठणठणीत आहेत म्हणालास."

"आहेतच. पण त्यांच्यापर्यंत हात पोचतो."

स्पीकर बदलले. त्यांच्या वायरी बदलल्या. नव्या स्पीकरमधून कुंई फारच स्वच्छ ऐकू येऊ लागली. वानराला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

मग झिपरू जंबूशेठ कोल्ह्याच्या दुकानात गेला. जंबूशेठनं काय बिघडलंय ते विचारलंच नाही. "झिपरूभाऊ, बिघाड शोधत बसायचे दिवस गेले. आता मोठी पेटी घ्यायचे दिवस आहेत," तो म्हणाला आणि त्यानं दुप्पट मोठा अ‍ॅम्प्लिफायर जीपमध्ये बसवून दिला. नव्या पेटीलाही काळी वायर होती. ती त्यानं लिंबांना धक्का लागू न देता, मोठ्या कौशल्यानं, त्याच बोल्टला खालून अडकवली. पेटी मोठी झाली, तशी कुंईही मोठी झाली. नव्या पेटीची नवी दृष्ट म्हणून पिंगळ्यानं लिंबांची माळच सांगितली.

झिपरूची बायको भागाबाई हे सगळं बघत होती. तिला राहवेना.

"अहो, मिस्त्री म्हणाला ना बोल्ट गंजलाय? मग घासून टाका."

"भागा, लिंबांना हात लावायचा नसतो."

"मग बोल्टला लावा."

"बोल्ट लिंबांखाली आहे."

"बरं, तुम्ही राहू द्या. मी काढते."

झिपरू धावत जाऊन जीपच्या सीटवर बसला आणि जेवायलाही उतरला नाही. भागाबाईनं ताट तिथेच आणून दिलं. तिला नवऱ्याची कीव आली, पण रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिनं आमटीत मीठ घातलं नाही.

अशातच वाघाच्या मुलीचं लग्न ठरलं. सोयरीक डोंगरापलीकडच्या बिबट्यांशी होती. पाणवठ्यावरून या दोन घराण्यांचं पिढीजात वाकडं होतं. ते मिटावं म्हणून तर हे लग्न. वाघानं झिपरूला बोलावून घेतलं. वाघ मऊ आवाजात बोलला, त्यामुळे झिपरू जास्तच घाबरला.

"झिपरू, वरात पाणवठ्यापासून गुहेपर्यंत येणार. दोन्ही घरच्या बायका बरोबरीनं चालणार. त्यांच्या बायका फार बोलतात. आमच्याही काही कमी नाहीत. एकीचं दुसरीला ऐकू गेलं, तर पाणवठ्याचं पाणी लाल होईल. आवाज थांबता कामा नये."

"नाही थांबणार, महाराज. पण समजा, थांबलाच तर?"

"तर यापुढे वरातीचा मान तरसाचा. त्यानंही नवी जीप घेतलीय."

"आणि मी, महाराज?"

वाघानं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्या बघण्यात राग अजिबात नव्हता. वजनाचा अंदाज होता.

लग्नाच्या दिवशी पिंगळ्यानं स्वतः येऊन सर्वांत जाड माळ बांधून घेतली आणि जीपच्या बॉनेटवर बसून डुलकी काढायला सुरुवात केली. वरात निघाली. वाघाकडच्या बायका डावीकडून, बिबट्यांकडच्या उजवीकडून. गाणं दणदणत होतं. सगळ्यांची तोंडं हलत होती आणि कुणाचंही काही ऐकू येत नव्हतं. व्याही-विहिणी एकमेकांकडे बघून गोड हसत होते. मागून तरस आपली जीप रिकामीच चालवत येत होता, लागली तर असावी म्हणून.

पाणवठ्यापुढचा चढ लागला. झिपरूनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि कुंई सुरू झाली. त्यानं पाय उचलला. कुंई उतरली, पण जीप मागे सरकू लागली. त्यानं पुन्हा दाबला. टक् झालं. लाल दिवा लागला.

त्या शांततेत वाघाची बहीण म्हणत होती, "आमच्या घरात आजवर ठिपकेवालं कुणी आलं नव्हतं हो."

आणि उजवीकडून नवरदेवाची आई म्हणत होती, "पट्ट्यांचं एवढं काय कौतुक? झेब्र्यालासुद्धा असतात म्हणे."

सगळे थांबले. दोन्हीकडच्या शेपट्या हळूहळू वर झाल्या. नवरी खाली मान घालून रडायला लागली. वाघानं बायकांकडे पाहिलं नाही. त्यानं झिपरूकडे पाहिलं.

झिपरूनं सीट उचलली आणि डोकं आत घातलं. तिथे अंधार होता आणि आंबूस वास येत होता. लिंबं काळी पडून मऊ झाली होती. हात लावला तर दृष्ट चिकटणार, नाही लावला तर वाघ होताच. त्याला भागाबाईची आठवण आली. बिनमिठाच्या आमटीचीही आली आणि ती आता गोड वाटली. मग त्यानं डोळे मिटले आणि लिंबं ओरबाडून काढली.

तो वाट बघत राहिला. काही झालं नाही. एक मिरची नाकाला घासली आणि शिंक आली, तेवढंच.

बोल्टवर लाल गंजाचा थर चढला होता आणि वायरचं टोक हिरवं पडलं होतं. झिपरूनं ते दोन्ही नखानं खरवडलं. खालचं लोखंड चकाकेपर्यंत खरवडलं. वायर पुन्हा अडकवली आणि बोल्ट दातांनी पिळून घट्ट केला.

लाल दिवा गेला, हिरवा लागला. गाणं सुरू झालं. कुंई नव्हती. खरखर नव्हती. या गाण्यात मागे कुणीतरी सनईही वाजवतं, हे झिपरूला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याला इतका आनंद झाला की सीटखाली डोकं असतानाच तो रडला. सगळ्या जंगलाला ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. इतकं सोपं होतं, आणि इतके दिवस आपण सगळे किती घाबरत होतो.

तो बाहेर आला. हातात नासक्या लिंबांची माळ होती. सांगता यावं म्हणून त्यानं आवाज थोडा कमी केला. शेपट्या पुन्हा खाली आल्या होत्या. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"काय झालं होतं?" वाघानं विचारलं.

झिपरूनं तोंड उघडलं. तेवढ्यात बॉनेटवरच्या पिंगळ्यानं एक डोळा उघडला.

"लिंबं आपणहून गळली ना रे, झिपरू?" त्यानं अगदी मायेनं विचारलं. "की कुणी हात लावला?"

झिपरूनं नवरीकडे पाहिलं. उद्या हिच्या पायात काटा जरी मोडला, तरी कारण विचारायला सगळे आपल्याच दारात येणार. त्यानं तरसाकडे पाहिलं. तरस हसत होता. मग त्यानं स्वतःच्या हातातल्या माळेकडे पाहिलं. हिच्यापायी आपण स्पीकर बदलले, पेटी बदलली, सीटवर बसून जेवलो. हे सगळं आता चारचौघांत सांगायचं?

"गळली," झिपरू म्हणाला. "आपणहून."

एकच जल्लोष झाला. लिंबांनी वाघाच्या घरावरचा घाव स्वतःवर झेलला, असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. नवरदेवाच्या आईनं माळेला नमस्कार केला, म्हणून वाघाच्या बहिणीनं वाकून केला. वाघाला तर गहिवरून आलं. त्यानं ताजी लिंबं मागवली आणि झिपरूचा सन्मान म्हणून स्वतःच्या पंजानं, त्याच घासलेल्या, लखलखीत बोल्टला नवी माळ बांधली. बांधताना त्याचं नख एका लिंबात रुतलं. रसाचा थेंब बोल्टवर पडला. झिपरूनं तो थेंब पडताना पाहिला आणि हात जोडले.

संध्याकाळी त्यानं भागाबाईला सगळं खरं सांगितलं.

"मग तिथेच का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"वाघ होता समोर."

"आणि वाघ नसता तर?"

"पिंगळा होता."

"आणि तोही नसता तर?"

झिपरूनं ताट पुढे ओढलं. "मी होतो की," तो म्हणाला.

भागाबाईनं त्याच्या ताटात मीठ जरा जास्तच वाढलं.

त्यानंतर जंगलात जीपगाड्या फार वाढल्या. वाघाच्या घरचं लग्न लिंबांनी वाचवलं म्हटल्यावर वाढणारच. वानरानं घेतली, जंबूशेठनं घेतली. सगळ्यांच्या सीटखाली बोल्टला लिंबं बांधलेली. झिपरूचा मान मात्र पहिला, कारण त्याचा आवाज सर्वांत स्वच्छ. कसा काय, असं कुणी विचारलं की तो वर आकाशाकडे बोट दाखवायचा.

खरी गोष्ट अशी होती की प्रत्येक वरातीच्या दिवशी, उजाडता उजाडता, झिपरू जीप घेऊन करवंदीच्या जाळीमागे जायचा. लिंबं अलगद सोडवायचा, बोल्ट घासायचा, घट्ट करायचा आणि लिंबं होती तशी पुन्हा बांधायचा. हे करताना त्याला लाज वाटायची. पण आवाज फार छान यायचा.

एके दिवशी मोराच्या घरचं लग्न होतं. झिपरू जाळीमागे पोचला, तर त्याच्या नेहमीच्या जागेवर वानर मिस्त्रीची जीप उभी होती. वानर सीटखाली वाकला होता. लिंबं शेजारच्या दगडावर काढून ठेवलेली होती. झिपरू पाठ फिरवून पुढच्या जाळीमागे गेला. तिथे जंबूशेठ होता. त्याच्या पुढच्या जाळीमागे तरस होता, आणि तो हसत नव्हता. सगळे पाठमोरे होते. खर्र खर्र असा बारीक आवाज चहूकडून येत होता. कुणी कुणाला ओळख दाखवली नाही.

अगदी टोकाच्या जाळीमागे एक नवीकोरी जीप होती. तिच्या सीटखाली पिंगळा होता. दिवस उजाडत होता तरी त्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते आणि तो पॉलिश पेपरनं बोल्ट घासत होता. हलक्या हातानं, गोल गोल, अगदी मिस्त्रीच्या वरताण.

झिपरू खाकरला. पिंगळ्यानं मान वळवली. तो दचकला नाही. त्यानं पॉलिश पेपरचा एक तुकडा फाडला आणि झिपरूपुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "नखं कशाला झिजवतोस?"

झिपरूनं तुकडा घेतला. वाकून नमस्कार केला, आणि या वेळी तो अगदी मनापासून केला. मग तो आपल्या जीपकडे गेला. थोड्या वेळानं सगळ्यांनी आपापली लिंबं बांधली आणि ओळीनं मोराच्या लग्नाला गेले.

तात्पर्य: सत्य जरूर शोधावं. ते सापडलं की त्याच्यावर एक लिंबू बांधून ठेवावं, म्हणजे त्याला कुणी हात लावत नाही.